वाचकांचे प्रश्न: फ्लॉपी वाचत नाही, ड्रायव्हर कुठून आणू?

या वेळचे जवळपास सगळे प्रश्न फ्लॉपी ड्राइव्हचे आहेत आणि बहुतेकांनी ‘ड्रायव्हर कुठे मिळेल?’ हेच विचारलं आहे. ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, खरोखर कमी आहे, असं यांतल्या फार थोड्या प्रकरणांत दिसतं. बाकी ठिकाणी दोष केबलचा आहे, बायॉसचा (संगणक सुरू होताना उपकरणं ओळखणाऱ्या मूळ प्रोग्रामचा) आहे, फ्लॉपीवरच्या भोकाचा आहे किंवा बुरशीचा. आमच्या नियमाप्रमाणे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप कराव्यात.

प्रश्न: डीटीपीच्या जुन्या कामाच्या बऱ्याच फ्लॉप्या आहेत. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेतला. विंडोज ११ वर काही फ्लॉप्या लगेच उघडतात, काहींच्या वेळी ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं जातं. ड्राइव्हबरोबर सीडी आलेली नाही. ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू? (डीटीपी व्यावसायिक, पुणे)

काही फ्लॉप्या उघडतात याचाच अर्थ ड्रायव्हर बसलेला आहे. तो विंडोजमध्येच असतो आणि त्याचं नाव एसफ्लॉपी. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ‘यूएसबी फ्लॉपीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून किंवा उत्पादकाकडून घ्यावा’ अशी सूचना दिली होती. ती अजून इंटरनेटभर फिरते आणि तिच्या आडून ‘फ्लॉपी ड्रायव्हर फ्री डाउनलोड’ म्हणणारी संकेतस्थळं भलतंच काही गळ्यात मारतात. तिकडे फिरकूही नका.

आधी, ‘फॉरमॅट करायची का?’ या प्रश्नाला कधीही ‘होय’ म्हणू नका. दुसरं, प्रत्येक फ्लॉपी आत घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातली छोटी सरकती पट्टी सरकवून खिडकी आरपार उघडी करा. साडेतीन इंची फ्लॉपीवर खिडकी उघडी म्हणजे लेखन बंद. सव्वापाच इंचीवर उलट असतं, तिथे खाच झाकली की लेखन बंद होतं.

आता न उघडणाऱ्या फ्लॉप्यांकडे वळू. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या आत एक चिप असते. ती एका बाजूला खऱ्या फ्लॉपी यंत्रणेशी बोलते आणि दुसऱ्या बाजूला संगणकाशी यूएफआय नावाच्या, १९९८ मध्ये ठरलेल्या भाषेत. या भाषेत ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर दे’ एवढंच सांगता येतं. फ्लॉपीवर एका ट्रॅकमध्ये (गोल पट्ट्यात) किती सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) आहेत, किती वेगाने वाचायचं, हे ती चिप स्वतः ठरवते. ऑपरेटिंग सिस्टिमचा तिथे हात पोहोचत नाही. त्यामुळे चिपला माहीत असलेले दोन-तीन साचे वाचले जातात: १.४४ एमबीचा (८० ट्रॅक, २ बाजू, दर ट्रॅकला १८ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट), ७२० केबीचा (दर ट्रॅकला ९ सेक्टर) आणि काही ड्राइव्हमध्ये जपानी १.२ एमबीचा. त्याबाहेरचं काही आलं की चिप हात वर करते आणि विंडोजला वाटतं, फ्लॉपी कोरी आहे.

तुमच्या न उघडणाऱ्या फ्लॉप्यांवर सॉफ्टवेअर कंपनीचं छापील लेबल असेल, तर त्या डीएमएफ साच्याच्या असू शकतात. मायक्रोसॉफ्टने नव्वदच्या दशकात आपल्या इन्स्टॉलेशन फ्लॉप्यांवर जास्त माल मावावा म्हणून दर ट्रॅकला २१ सेक्टर बसवले होते. अशी फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हवर वाचली जाणार नाही, ड्राइव्ह कितीही महाग घ्या. मदरबोर्डला थेट जोडलेल्या ड्राइव्हवर ती वाचता येते, कारण तिथे सेक्टरची गणना ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर करतो.

स्वतः कॉपी केलेल्या फ्लॉप्या असतील, तर पहिला संशय ट्रॅक शून्यावर घ्या. बूट सेक्टर आणि फाइलींचा तक्ता तिथेच असतो. तो सेक्टर गेला की बाकी सगळं शाबूत असूनही विंडोजला फ्लॉपी कोरी दिसते. अशा वेळी फाइली उघडायच्या मागे न लागता आख्ख्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे सेक्टरमागून सेक्टर उचललेली एकच फाइल, काढा. कृती बुरशीच्या प्रश्नात दिली आहे.

एक किरकोळ गोष्ट राहिली. हे ड्राइव्ह ५०० मिलीअँपिअरपर्यंत वीज ओढतात. ड्राइव्ह हबला लावला असेल तर काढून लॅपटॉपच्या पोर्टला थेट लावा. मोटर फिरायला लागताच ड्राइव्ह गायब होत असेल तर कारण बहुधा हेच.

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपमध्ये आतला फ्लॉपी ड्राइव्ह आहे. त्यावर डेबियन (लिनक्स) टाकलं. सुरू होताना ड्राइव्हचा दिवा लागतो, पण डेव्ह फोल्डरमध्ये एफडी० (फ्लॉपी ड्राइव्हचं नाव) दिसतच नाही. (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

इथे मात्र खरोखर ड्रायव्हरचाच प्रश्न आहे आणि तो एका ओळीत सुटतो: सूडो मॉडप्रोब फ्लॉपी. लिनक्सच्या अनेक वितरणांत फ्लॉपीच्या ड्रायव्हरचं हे मॉड्यूल आपोआप चढत नाही. नसलेल्या ड्राइव्हची वाट पाहत सुरुवात रेंगाळू नये, म्हणून ही काळजी घेतलेली असते. आज्ञा दिल्यावर डीएमईएसजी ही सिस्टिमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवून पाहा. ‘एफडी० इज १.४४एम’ आणि ‘एफडीसी ० इज अ पोस्ट-१९९१ ८२०७७’ अशा ओळी दिसल्या की काम झालं. ८२०७७ हा इंटेलचा कंट्रोलर. त्याची वंशावळ एनईसीच्या ७६५ पर्यंत जाते आणि आजचा ड्रायव्हरही मुळात त्याच चिपच्या भाषेत बोलतो. दर वेळी मॉड्यूल आपोआप चढावं असं वाटत असेल, तर इटीसी फोल्डरमधल्या मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये फ्लॉपी.कॉन्फ नावाची फाइल करून तिच्यात ‘फ्लॉपी’ एवढा एकच शब्द लिहा. वापरकर्त्याला फ्लॉपी नावाच्या गटात घाला, नाहीतर प्रत्येक वेळी सूडो लागेल.

ओळी दिसल्या नाहीत तर बायॉसमध्ये जा. तिथे दोन वेगळ्या नोंदी असतात आणि लोक एकच बघतात. कंट्रोलर ‘एनेबल्ड’ हवा आणि ड्राइव्ह ‘ए’चा प्रकार ‘१.४४एम, ३.५ इंच’ असा निवडलेला हवा. कंट्रोलरला इंटरप्ट ६ आणि डीएमए चॅनेल २ लागतात. जुन्या आयएसए कार्डाने त्यांतलं काही बळकावलं असेल तर ड्रायव्हर चढतो, पण वाचन अर्ध्यावर थांबतं.

दिवा सुरुवातीला लागून विझतो की कायम पेटलेला राहतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कायम पेटलेला असेल तर ३४ पिनांची केबल एका टोकाला उलटी बसली आहे. लाल रेघेची तार पिन १ वर हवी. ड्राइव्हवर पिन १ कुठे आहे ते गृहीत धरू नका, सर्किट बोर्डावर बारीक आकडा छापलेला असतो तो वाचा. केबलमध्ये १० ते १६ क्रमांकाच्या तारांना पीळ दिलेला असतो. पिळानंतरच्या टोकाला लावलेला ड्राइव्ह ‘ए’ ठरतो, पिळाआधीचा ‘बी’. एकच ड्राइव्ह असेल तर तो टोकालाच लावायचा.

अजून एक लक्षण सांगून ठेवतो, कारण त्याने पुष्कळांची दिशाभूल होते. फ्लॉपी बदलली तरी आधीच्याच फ्लॉपीची यादी दिसत राहिली, तर पिन ३४ वरचा ‘फ्लॉपी बदलली’ हा संकेत पोहोचत नाही असं समजा. केबल बदला. तोवर त्या ड्राइव्हवर काहीही लिहू नका, जुन्या फ्लॉपीचा तक्ता नव्या फ्लॉपीवर लिहिला जाऊन दोन्हींचा चुराडा होतो.

प्रश्न: आमच्या सर्व्हरवरच्या आभासी मशीनमध्ये फ्लॉपी नाहीच, तरी लॉगमध्ये ‘एफडी०, सेक्टर ०, आयओ एरर’ या ओळींचा पाऊस पडतो आणि मशीन सुरू व्हायला वेळ लागतो. (सिस्टिम अ‍ॅडमिन, ठाणे)

आभासी मशीनचा बायॉस ‘फ्लॉपी ड्राइव्ह आहे’ असं सांगतोय आणि लिनक्स त्यावर विश्वास ठेवतंय. मशीनच्या सेटिंगमधून फ्लॉपी ड्राइव्ह काढा, शिवाय आभासी बायॉसमध्ये ‘लेगसी डिस्केट ए’ बंद करा. नुसता ड्राइव्ह काढून भागत नाही. तेवढ्यानेही थांबलं नाही तर मॉडप्रोब.डी मध्ये ‘ब्लॅकलिस्ट फ्लॉपी’ लिहून अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. ही दुसरी आज्ञा विसरली की सुरुवातीच्या टप्प्यावर जुनंच मॉड्यूल चढतं आणि ‘ब्लॅकलिस्ट चालत नाही’ अशा तक्रारी सुरू होतात.

नको असलेली जुनी उपकरणं आभासी मशीनमध्ये ठेवू नयेत याला सुरक्षेचंही कारण आहे. मे २०१५ मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ हा दोष क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता. तो २००४ पासून तिथे पडून होता आणि त्यातून पाहुण्या मशीनला यजमान मशीनवर जाता येत होतं. फ्लॉपी बंद केली तरी कंट्रोलरचा तो भाग चालूच राहायचा, त्यामुळे पॅच लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

प्रश्न: लिनक्समधून फ्लॉपीचा आधार काढून टाकला, असं ऐकलं. खरं का? (वाचक, नाशिक)

नाही. जुलै २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी फ्लॉपीचा ड्रायव्हर ‘अनाथ’ म्हणून नोंदवला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतलं फ्लॉपी हार्डवेअरच उरलं नव्हतं. बातम्या तिथेच थांबल्या. पुढे त्याला नवा सांभाळकर्ता मिळाला आणि दुरुस्त्याही झाल्या. प्रत्यक्ष फरक पडला तो २०२२ मध्ये: कंट्रोलरला कच्च्या आज्ञा देण्याची सोय सुरक्षेच्या दोषामुळे कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मूळ स्थितीतच बंद ठेवण्यात आली. नेहमीच्या वाचन-लेखनाला याचा काही त्रास नाही. मात्र एफडीयुटिल्स या संचातलं, फ्लॉपी फॉरमॅट करणारं सुपरफॉरमॅट या सोयीवर अवलंबून आहे. ते अचानक चालेनासं झालं असेल तर कर्नल तो पर्याय चालू करून बांधावा लागेल. साधं एफडीफॉरमॅट चालतं. यूएसबी ड्राइव्हवर मात्र ही दोन्ही निरुपयोगी आहेत, तिथे यूएफआयफॉरमॅट हवं.

प्रश्न: कारखान्यात जुनं कंट्रोलर असलेलं मशीन आहे. डिझाइन ७२० केबीच्या फ्लॉपीवरून घेतं. तशा फ्लॉप्या आता मिळत नाहीत. १.४४ एमबीची फ्लॉपी मशीन स्वीकारतं, पण तीच संगणकात घातली की उघडत नाही. उलट संगणकावर फॉरमॅट केलेली मशीनला चालत नाही. (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात लेखनबंदीची खिडकी असते आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यात, फक्त १.४४ च्या फ्लॉपीवर, आणखी एक भोक असतं. संगणकाचा ड्राइव्ह ते भोक चाचपतो. भोक दिसलं की तो सेकंदाला ५०० किलोबिट या वेगाने वाचू लागतो. तुमच्या मशीनचा ड्राइव्ह भोक पाहतच नाही. तो सगळ्या फ्लॉप्या ७२० च्याच समजून २५० किलोबिटने लिहितो. एकाने या वेगाने लिहिलं, दुसरा त्या वेगाने वाचतोय, मग ‘फॉरमॅट करायची का?’ येणारच.

त्या भोकावर दोन्ही बाजूंनी अपारदर्शक चिकटपट्टी लावा. पारदर्शक नको, काही ड्राइव्ह प्रकाशाने भोक ओळखतात. पट्टीच्या कडा बोटाने नीट दाबून बसवा, सुटलेली कड ड्राइव्हमध्ये अडकते. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर: फॉरमॅट ए: /टी:८० /एन:९. म्हणजे ८० ट्रॅक, ९ सेक्टर. उजव्या क्लिकच्या फॉरमॅट खिडकीवर विसंबू नका. लिनक्सवर यूएसबी ड्राइव्ह असेल तर आधी एलएसबीएलके चालवून १.४ एमबी किंवा ७२० केबीचं उपकरण कोणतं ते पाहा, समजा ते एसडीबी निघालं, तर यूएफआयफॉरमॅट -एफ ७२० /डेव्ह/एसडीबी. हे अक्षर चुकलं तर दुसऱ्याच डिस्कवर घाला पडेल.

ही तात्पुरती मलमपट्टी आहे. १.४४ च्या फ्लॉपीवरचा चुंबकीय लेप ७२० च्या लेपापेक्षा थोडा वेगळा, जास्त जोराच्या लेखनासाठी बनवलेला असतो. साडेतीन इंचीमध्ये हा फरक थोडा असल्यामुळे काम चालून जातं, पण लिहिलेलं टिकेल याचा भरवसा नाही. (सव्वापाच इंचीमध्ये हा फरक जवळपास दुपटीचा आहे, तिथे हा उद्योग करूच नये.)

आमचा सल्ला मशीनमधला फ्लॉपी ड्राइव्ह काढून गोटेकसारखा एम्युलेटर बसवण्याचा आहे. तो त्याच जागेत, त्याच ३४ पिनांच्या केबलवर बसतो आणि मशीनला फ्लॉपी ड्राइव्हच वाटतो, म्हणून मशीनच्या बाजूने ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक इमेज फाइलला तो एक फ्लॉपी मानतो आणि पुढच्या बटणांनी क्रमांक बदलता येतो. घेताना तीन गोष्टी पाहा. ७२० आणि १.४४ ची मॉडेलं वेगळी येतात. मूळ फर्मवेअर (एम्युलेटरच्या आतला प्रोग्राम) पेनड्राइव्हचे स्वतःच्या पद्धतीने तुकडे पाडतं, त्याऐवजी फ्लॅशफ्लॉपी हे मुक्त फर्मवेअर घालता येतं का, हे आतली चिप पाहून ठरतं. फ्लॅशफ्लॉपी साध्या एफएटी३२ पेनड्राइव्हवरच्या इमेज फाइली थेट वाचतं. आणि ड्राइव्ह निवडीचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी): पीळ असलेल्या केबलच्या टोकाला पीसीचे ड्राइव्ह एस१ वर असतात, पण पुष्कळ औद्योगिक मशीनच्या केबलला पीळ नसतो आणि तिथे एस० लागतो. जुना ड्राइव्ह काढण्याआधी त्याच्या जंपरचा आणि केबलच्या दोन्ही टोकांचा फोटो घ्या.

पिन ३४ इथेही येते. पीसी त्या पिनवर ‘फ्लॉपी बदलली’ हा संकेत शोधतो, तर अनेक औद्योगिक मशीनना तिथे ‘ड्राइव्ह तयार आहे’ हा संकेत हवा असतो. फ्लॅशफ्लॉपीत एफएफ.सीएफजी या फाइलमध्ये ‘इंटरफेस’ या ओळीवर आयबीएमपीसी किंवा शुगार्ट असं लिहून हा फरक सांगता येतो. एम्युलेटर चालू आहे, क्रमांक दिसतोय, तरी मशीन ‘डिस्क नाही’ म्हणतंय, तर आधी हीच ओळ बदलून पाहा.

मशीन चालू स्थितीत असताना, चालणाऱ्या एका फ्लॉपीची इमेज काढून ठेवायला विसरू नका. काही मशीन डॉसच्या पद्धतीने फाइली ठेवतच नाहीत, स्वतःचा आराखडा वापरतात. अशा फ्लॉपीवर विंडोज काही दाखवणार नाही, पण सेक्टरचा साचा नेहमीचा असेल तर इमेज व्यवस्थित निघते आणि एम्युलेटरला तेवढी पुरते.

प्रश्न: फ्लॉप्या वाचायला म्हणून विंडोज ९८ चा जुना संगणक जपून ठेवला आहे. हेच उत्तम ना? (निवृत्त शिक्षक, सातारा)

ड्राइव्ह उत्तम, ऑपरेटिंग सिस्टिम नाही. विंडोज ९५ आणि ९८ फ्लॉपी ओळखता यावी म्हणून तिच्या बूट सेक्टरमधल्या निर्मात्याच्या नावाच्या जागी गुपचूप स्वतःची खूण लिहितात, तुम्ही नुसती यादी पाहिली तरीसुद्धा. बहुतेक वेळा यातून नुकसान होत नाही, पण ते नाव तपासणाऱ्या यंत्राला किंवा प्रोग्रामला ती फ्लॉपी परकी होते. लेखनबंदीची खिडकी उघडी ठेवली की हा प्रकार होत नाही. त्याच संगणकावर डॉसमध्ये सुरुवात करून किंवा छोटं लिनक्स चढवून काम केलंत तर प्रश्नच मिटतो.

प्रश्न: पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी आली आहे. तशाच ड्राइव्हमध्ये घातल्या तर चालतील का? (वाचक, रत्नागिरी)

अजिबात नाही. साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं झाकण बोटाने सरकवून उजेडात तिरपं धरा आणि मधलं चाक फिरवत दोन्ही बाजूंनी पृष्ठभाग पाहा. पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये जाता कामा नये. बुरशी ड्राइव्हच्या हेडवर (फ्लॉपीला टेकून वाचणाऱ्या भागावर) बसते, हेड पुढच्या फ्लॉपीचा लेप खरवडतं आणि एक फ्लॉपी वाचवायच्या नादात दहा जातात. कोकणात आणि मुंबईत ही तक्रार नेहमीचीच आहे.

साफ करायची पद्धत: धातूचं झाकण हलकेच काढा. प्लॅस्टिकच्या कवचाची शिवण पातळ सपाट पातं घालून तीन बाजूंनी उघडा. आतली चकती फक्त मधल्या धातूच्या चाकाला धरून बाहेर काढा. धागे न सुटणाऱ्या कापडावर किंवा फोमच्या काडीवर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या आणि जोर न देता दोन्ही बाजू पुसा. आधी कडेला छोट्या जागेवर करून पाहा. काडीवर तपकिरी रंग उतरू लागला तर थांबा, तो लेपच सुटतोय. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं अल्कोहोल नको, त्यात पाणी जास्त असतं. चकती पूर्ण वाळू द्या. जुन्या कवचाच्या आतल्या अस्तरातही बुरशी असते, म्हणून चकती परत त्यात घालू नका. एखादी टाकाऊ पण स्वच्छ फ्लॉपी उघडून तिचं कवच वापरा. १.४४ च्या चकतीला १.४४ चंच कवच, भोकासकट. काम करताना मास्क लावा.

वाचायला घेताना ड्राइव्हचं वरचं आवरण काढून ठेवलंत तर हेड दिसतं. दर बुरशीवाल्या फ्लॉपीनंतर हेड अल्कोहोलच्या काडीने पुसा. वरचं हेड नाजूक पट्टीवर बसवलेलं असतं. काडी आत जाईल इतकंच उचला, जास्त उचललं की त्याचा दाब बिघडतो आणि ड्राइव्ह कायमचा जातो. खरखर किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर त्या क्षणी फ्लॉपी बाहेर काढा, ‘एकदा वाचून तर होऊ दे’ म्हणू नका.

इमेज काढायला लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन आणि उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू आहे, आज्ञा मात्र डीडीरेस्क्यू. फ्लॉपी माउंट न करता (म्हणजे तिच्यावरच्या फाइली न उघडता) पहिली फेरी: डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एफडी० डिस्क१.आयएमजी डिस्क१.मॅप. ही खराब जागा सोडून सोपं ते आधी उचलते. दुसरी फेरी: डीडीरेस्क्यू -डी -आर३, पुढे तीच नावं. ही फक्त राहिलेल्या जागांवर तीन-तीनदा प्रयत्न करते. यूएसबी ड्राइव्ह असेल तर एफडी० च्या जागी त्याचं नाव घाला. मॅप फाइल जपून ठेवली तर हेड पुसून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच फ्लॉपी घालून उरलेले सेक्टर त्याच इमेजमध्ये भरता येतात. दोन ड्राइव्हची हेडं किंचित वेगळ्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे एकाला न जमलेलं दुसऱ्याला सहज जमतं. डीडीरेस्क्यूने सगळे सेक्टर वाचल्याचं दाखवलं आणि (१.४४ च्या फ्लॉपीची) फाइल १४,७४,५६० बाइटची झाली की मूळ फ्लॉपी बाजूला ठेवा. फाइली इमेजमधूनच काढा: एमडीआयआर -आय डिस्क१.आयएमजी :: ने यादी, एमकॉपीने नक्कल.

प्रश्न: घरात सव्वापाच इंची फ्लॉप्या आणि जुन्या मॅकिंटॉशच्या ८०० केबीच्या फ्लॉप्या आहेत. यूएसबी ड्राइव्ह चालेल का? (वाचक, टोरांटो)

मॅकच्या ८०० केबीसाठी नाही. त्या ड्राइव्हचा फिरण्याचा वेग हेड आत-बाहेर जाईल तसा बदलत असे आणि लेखनाची पद्धतही वेगळी होती. पीसीच्या कंट्रोलरला ती कळत नाही, मग तो आत बसवलेला असो की यूएसबीतला. अमिगाच्या ८८० केबी फ्लॉप्यांचंही तसंच. मॅकच्या १.४४ एमबी फ्लॉप्या मात्र यूएसबी ड्राइव्ह वाचतो. त्यांच्यावरची जुनी एचएफएस फाइल पद्धत मॅकओएसने २०१९ च्या कॅटालिनापासून सोडून दिली, म्हणून त्यांची इमेज काढून लिनक्सवर एचएफएसयुटिल्सने उघडा.

८०० केबीसाठी आणि सव्वापाच इंचीसाठी ग्रीझविझल हे छोटं कार्ड घ्या. ते पीसीच्या साध्या फ्लॉपी ड्राइव्हला जोडतात आणि ते फ्लॉपीवरच्या चुंबकीय बदलांमधलं अंतर जसंच्या तसं मोजून यूएसबीने संगणकाकडे पाठवतं. सेक्टर कोणते, पद्धत कोणती, हे नंतर संगणकावरचा प्रोग्राम उलगडतो. ऑपरेटिंग सिस्टिमला ते साधं सीरियल पोर्ट दिसतं, म्हणून विंडोज १० पासून पुढे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. लिनक्सवर वापरकर्ता डायलआउट गटात हवा. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ बरोबर १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, वेगळा पॉवर सप्लाय लावा.

३६० केबीच्या फ्लॉपीवर ४० ट्रॅक असतात आणि १.२ एमबीच्या ड्राइव्हला ८० ट्रॅकचं बारीक हेड असतं. वाचताना त्याला दर वेळी दोन पावलं टाकायला सांगावं लागतं. ग्रीझविझलची आज्ञा: जीडब्ल्यू रीड --फॉरमॅट=आयबीएम.३६० --ट्रॅक्स=स्टेप=२ डिस्क.आयएमजी. वाचा, पण त्या ड्राइव्हने त्या फ्लॉपीवर लिहू नका. जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध नवी अरुंद पट्टी पडते आणि ३६० च्या ड्राइव्हला दोन्ही एकदम ऐकू येतात.

प्रश्न: फ्लॉपीवरच्या फाइली आल्या, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फ्लॉपी खराब आहे का? (छापखाना, सांगली)

फ्लॉपी ठणठणीत आहे. मजकूर श्री-लिपी, आकृती किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट बसवला की मराठी दिसेल, पुढे वापरायचा तर त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर लागेल. पेजमेकरच्या फाइली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून पाहा.

प्रश्न: प्रयोगशाळेतल्या उपकरणासाठी विंडोज एक्सपीच लागतं. इन्स्टॉल करताना हार्ड डिस्क सापडत नाही. ‘एफ६ दाबा’ येतं, पण यूएसबी फ्लॉपीतला ड्रायव्हर तो घेत नाही. (तंत्रज्ञ, नागपूर)

एक्सपीचा तो पहिला निळा टप्पा डिस्कचा ड्रायव्हर फक्त ‘ए’ ड्राइव्हवरूनच घेतो आणि यूएसबी फ्लॉपीची मोजकीच मॉडेलं त्याच्या यादीत आहेत. पेनड्राइव्ह किंवा सीडीवरून ड्रायव्हर देण्याची सोय व्हिस्टापासून आली. तुमचा बोर्ड परवानगी देत असेल तर बायॉसमध्ये साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत) ‘एएचसीआय’ऐवजी ‘आयडीई’ करा, फ्लॉपीची गरजच संपेल. नाहीतर एनलाइट हा प्रोग्राम वापरून चिपसेटचा साटा ड्रायव्हर इन्स्टॉलेशन सीडीतच मिसळून नवी सीडी बनवा. तो ३२ बिटचा, एक्सपीचाच आणि ‘टेक्स्ट मोड’ म्हणून निवडलेला हवा. ‘पीएनपी’ म्हणून मिसळला तर निळा टप्पा त्याला पाहतच नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आहे, म्हणून ते उपकरण इंटरनेटला जोडू नका. मोजमापांच्या फाइली बाहेर काढायच्या तर पेनड्राइव्हने काढा.